आठ बाहेर गेलाय

सारीबुलाक, १२ ऑक्टोबर

बुरुल,

तुझं नाव लिहिताना हात जरा थबकला. या घरात ते मोठ्यानं घेतलं जात नाही, आणि मी जन्मभर पोरांना शुद्धलेखन शिकवलेला माणूस. वाटलं, नेमका इथेच चुकेन. चुकलो नाही. तुझ्याआधी ओळीनं चार मुली झाल्या म्हणून अतानं, आपल्या बापानं, तुझं नाव बुरुल ठेवलं होतं. बुरुल, म्हणजे वळ. आता तरी नशीब वळू दे, पुढचा मुलगा होऊ दे. नशीब वळलं, सागिन झाला. तू मात्र एकदा गेलीस ती वळली नाहीस.

मी केनेश, तुझा थोरला. नऊ भावंडांतला पहिला, आणि गणितात शेवटचा. तू मला आके म्हणायचीस आणि मी दिलेल्या कविता पाठ करायची नाहीस. आठवतं? मी तुला ते शाळेचं कडवं दिलं होतं:

पाणी खाली वाहे तरी
डोंगराचे नाव सांगे

दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणालीस, "आके, पाणी कसं बोलेल? पण दोन्ही ओळींत आठ-आठ अक्षरं आहेत, मी मोजली." मी तुझा कान धरला होता. आज वाटतं, कविता तुलाच कळली होती.

पत्ता कुठून मिळाला म्हणशील. गिरणीजवळच्या बेकझातची नात, नुरझात, तिकडे नोवोसिबिर्स्कला शिकायला आहे. सुटीत आली होती. मला, गावच्या जुन्या मास्तराला, म्हणाली, "आगाय, आमच्या गणिताच्या बाई आपल्याकडच्याच असणार. वर्गात रशियन बोलतात, पण चिडल्या की तोंडातून नारीनची बोली येते. आणि मला एकदा जिन्यात गाठून विचारलं, गिरणीपाशी तो पॉपलर अजून आहे का म्हणून."

"नाव काय बाईंचं?"

"बुरुल शार्शेनोव्ना."

अताचं नाव ऐकून मी तिला म्हटलं, आधी चहा घे.

मग तिनं ती गंमत सांगितली. एका पोराचा पाच वाकडा यायचा. तू फळ्यावर १२३४५६७९ लिहिलंस आणि म्हणालीस, याला पंचेचाळीसनं गुण. त्यानं गुणलं तर ५५५५५५५५५. "घे, आता हे नऊ पाच नीट गिरव." ज्याचा जो आकडा वाकडा, त्याची नऊपट घ्यायची आणि या संख्येला गुणायचं, की ओळभर तोच आकडा उभा. पोरं खूश. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "बाई, यात एक ते नऊ सगळे आहेत, मग आठच का नाही?" तू फळा पुसलास आणि म्हणालीस, "आठाचं घरच्यांशी पटलं नाही." सगळा वर्ग हसला, असं नुरझात सांगत होती. सांगताना तीही हसली.

मी हसलो नाही. ती गेल्यावर ती संख्या पाटीवर मांडली आणि खिडकीपाशी बसून बघत राहिलो. एक म्हणजे मी. दोन आणि तीन आपले भाऊ. चार ते सात आपल्या चौघी. मग एकदम नऊ, सागिन. कवितेत ओळीच्या मध्ये श्वास घ्यायला जागा सोडतात, त्याला यती म्हणतात. इतकी वर्षं मुलांना शिकवला. आकड्यांतही यती असतो हे मला ठाऊक नव्हतं.

आपली आई, आपा, चौऱ्याण्णव वर्षांची झाली. सागिनकडेच असते, जुन्याच घरी. धाकट्याकडे घर जातं ती रीत तुला माहीतच आहे. कान गेले, डोळे अजून आहेत. अता गेला तेव्हा तुला कुणी कळवलं का, हे मला आजवर समजलेलं नाही. म्हणून आपाच्या बाबतीत मी आधीच कळवतो. ये. ती आहे तोवर ये. एवढ्याचसाठी हे पत्र आहे, बाकी सगळं म्हातारपणाचं पाल्हाळ.

माझं बरं आहे. थोडा खोकला आहे, शेकोटीच्या धुराचा.

तुझा
केनेश आके


सारीबुलाक, १९ नोव्हेंबर

बुरुल,

उत्तर नाही. दोलोनच्या घाटात बर्फ पडलंय, टपाल अडकलं असेल असं मी सगळ्यांना सांगतो. सगळे म्हणजे सागिन. त्याला सांगितलं तेव्हा तो गोठ्यात होता. म्हणाला, "आके, तुम्ही कवी माणसं, ढगालाही पत्र लिहाल. लिहा. पण या उंबऱ्याबद्दल काही कबूल करू नका. घर माझं आहे."

त्याचा राग समजून घे. तू गेलीस तेव्हा तो दहा वर्षांचा होता, तुझ्या पाठीवर वाढलेला. तू कुणालाच सांगितलं नाहीस हे बाकीच्यांनी सोसलं. त्यालाही सांगितलं नाहीस, हे त्यानं नाही सोसलं. (पहाटे तू दुधाच्या गाडीत चढलीस ते मी शाळेच्या आवारातून पाहिलं होतं. अताला हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी सांगितलं नाही याचा मला आजही आनंद आहे.)

तुझ्यामागे काय झालं ते तुला कुणीच सांगितलं नसेल. आत-बाशीहून तुला न्यायला आलेले पाहुणे नवाचे नजराणे घेऊन ओट्यावर बसले होते: नऊ मेंढ्या, नऊ अंगरखे, नऊ रुमाल. आणि नवरी नाही. अतानं ते सगळं परत केलंच, वर दंडाचेही नऊ दिले, आपला करडा घोडा धरून. पाहुणे गेल्यावर दारात उभा राहून म्हणाला, "आजपासून या घरात आठ नाही."

आम्हाला वाटलं, रागात बोलला. पण तो शार्शेन होता. त्यानं शब्द पाळला, आणि कसा पाळला ते ऐक. आठ हा आकडाच त्यानं तोंडातून काढून टाकला. लोहाराकडे गेला दोन घोडे घेऊन.

"किती नाल, शार्शेन?"

"सात."

"घोडे दोन आणि नाल सात? एकाला लंगडत नेणार काय?"

"सात दे. आणि वर एक दे."

गावभर झालं. माझ्या वर्गातली कार्टी पाढा म्हणायची, "सात-वर-एक दुणे सोळा!" मी छडी उगारायचो आणि तोंड फिरवून हसायचो.

पण आपाचं वेगळं. अताचा शब्द तिला मोडता येत नव्हता आणि पाळवतही नव्हता. पोरं मोजायची नाहीत, दृष्ट लागते, म्हणून ती चहाच्या वाट्या मोजायची ना? तशीच मोजत राहिली. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात..." मग एक श्वास. मग "नऊ." सागिनला कधी आठ केलं नाही तिनं. वाट्या आठ, पण चादरीवर सातव्या वाटीपुढे एक जागा मोकळी सोडायची. एकदा जनावरांची मोजदाद करणारा सरकारी माणूस जेवायला होता. तो म्हणाला, "आपा, सातानंतर आठ येतो."

आपा म्हणाली, "आठ बाहेर गेलाय. येईल."

अता समोरच होता. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यानं वाटी उचलली, चहा संपवला, आणि काही बोलला नाही. पुढे कधीच बोलला नाही.

आता कोरगोलाच्या पटाचं, त्या नऊ-नऊ खळग्यांच्या खेळाचं. ते सांगायचं म्हणून तर हे पत्र लांबवतोय. अता या खोऱ्यातला पहिला खेळाडू होता हे तुला माहीत आहे. तुला अंक त्यानंच शिकवले, खळग्यांत दाणे टाकत टाकत. तू गेल्यावरही तो रोज खेळायचा. पण आठव्या खळग्याला हात लावायचा नाही. त्यातून दाणे उचलायचा नाही. बाकीच्या आठांतून खेळायचा आणि तो एक भरत जायचा, ढीग व्हायचा. समोरच्याला काय, शेवटचा दाणा त्यात टाकून सम केला की सगळा ढीग त्याचा. अता हरायला लागला. ज्यांना तो डोळे मिटून हरवायचा ती माणसं त्याला हरवून घरी जायला लागली. लोक आधी म्हणाले, काहीतरी नवा डाव असेल. मग म्हणाले, म्हातारा चळला. "शार्शेन, उचल की आठातले! दिसत नाही का?" तो म्हणायचा, "असू दे तिथं. भरलेलं असू दे."

बुरुल, ज्यानं तुला पुसून टाकलं तो तुझ्या जागेवर रोज दाणे साठवत बसायचा, आणि ते लुटले जाताना बघायचा.

नुरझातनं जाताना मला एक गोष्ट शिकवून ठेवली. पटाच्या एका बाजूला नऊ खळगे, प्रत्येकात नऊ दाणे, मिळून एक्याऐंशी. एकाला एक्याऐंशीनं भागा म्हणाली. मी आठवडाभर भागत होतो, हसू नकोस. शून्य, मग एक, उरले एकोणीस. दोन, उरले अठ्ठावीस. तीन, उरले सदतीस. दर खेपेला भाग एकानं वाढतो आणि बाकी नवानं, अगदी मुलं ओळीनं उभी राहावीत तशी. सातापर्यंत आलो, उरले त्र्याहत्तर. आता आठाची पाळी. आठ बसवला, तर ब्याऐंशी उरले! एक्याऐंशीपेक्षा एक जास्त. भागाकारात एवढे हातात ठेवता येत नाहीत, नियम नाही. म्हणून आठाला उठवायचं आणि नवाला बसवायचं. मग पुन्हा शून्य, एक, दोन, आणि तेच चक्र, न संपणारं. आठ कधीच येत नाही.

तुला आठवतंय ना, पटावर किती दाण्यांना जिंकतात? ज्याच्या कढईत, जिंकलेल्या दाण्यांच्या खणात, ब्याऐंशी, त्याचा डाव.

आठाला बसू दिलं असतं तर डाव आपला होता. नियमासाठी सोडला. मी पाटी तशीच ठेवून बाहेर जाऊन बसलो. थंडी फार होती. त्यानंच खोकला वाढला असावा.

तुझा
केनेश आके


सारीबुलाक, ८ डिसेंबर

बुरुल,

पाकीट आलं. टपालवाल्यानं लांबूनच ओरडून सांगितलं, "आगाय, रशियाचं!" मी हातमोजे न घालताच धावलो. या वयात धावणं म्हणजे काय ते सोड.

आत एकच ओळ. "आके, तिला नवानं गुणा."

ना माझी चौकशी, ना आपाची. मला आधी राग आला. मग म्हटलं, या पोरीनं कधी कडवं पाठ केलं नाही, तिचं एवढंच कडवं. बसलो ती संख्या गुणायला. खालून वर हातचे घेत गेलो, तर एक, एक, एक... नऊ वेळा एक. १११११११११. वाकडं, नीट, मोठं, धाकटं, गेलेला, राहिलेला, काही उरलं नाही. सगळे एक.

पोरी, मी गणितात ढ आहे, पण कवितेचा अर्थ लावून जन्म काढला. नऊ म्हणजे सागिन. तू म्हणतेस, थोरल्यानं बोलावून काय होतं. धाकट्यानं बोलावलं तर सगळे एक होतील, तर येईन. बरोबर ना? तूही मानी. त्या अताची लेक.

सागिनला ओळ दाखवली. त्यानं वाचली, परत दिली. "मग?"

"मग काय, तू बोलाव."

"तिला नवानं गुणायचंय. मला तिनं कशानं गुणलं होतं, आके? शून्यानं. झोपेतून उठलो तर माझे बूट कोण घालून देणार म्हणून मी अंगणात उभा. अजून उभा आहे."

पन्नाशीचा गडी, त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, आणि बूट अजून विसरला नाही. मी त्याला जवळ घेतलं नाही. आपल्याकडे गोठ्यात कुणी कुणाला जवळ घेत नाही. मेंढ्यांना चारा टाकायला लागलो. तो म्हणाला, "तुम्ही वाकू नका. खोकला येतो." आणि हातातलं काढून घेतलं.

घाई कर, असं तुला म्हणता येत नाही. त्याला म्हणतो, तर ऐकत नाही. मधल्या मध्ये मीच घाईत आहे.

केनेश आके


सारीबुलाक, २३ जानेवारी

बुरुल,

आज जे झालं ते नीट लिहितो. माझी अक्षरं हलली असतील तर सांभाळून घे.

आज सकाळी आम्ही बरेचजण सागिनकडे होतो. थोरल्या चौघींपैकी तिघी आल्या होत्या, बोरसोक तळून झाले होते, दुधा-मिठाचा चहा उकळत होता. आपाला उशीला टेकवून बसवलं. तिनं वाट्या पुढ्यात ओढल्या. हल्ली तिचे हात कापतात, पण वाट्या तीच मांडते.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ."

सरळ म्हणाली. न थांबता.

बोरसोक तोंडात तसेच. तिनं सगळ्या वाट्या एकीला एक लागून मांडल्या. मोकळी जागा नाही. आणि नववी वाटी शोधायला लागली. "एक वाटी कुठंय? कुणी फोडली? मेल्यांनो, सांगत का नाही?"

बुरुल, इतकी वर्षं तो श्वास ऐकला की मला वाटायचं, हे कधी थांबेल? कधी एकदा ती आठ म्हणेल? आणि आज म्हणाली, तेव्हा कळलं की ती तुला परत आणून मोजत नव्हती. तू गेलीस हेच ती विसरली होती. जागा बुजली. इतकी वर्षं जे भोक तिनं उघडं ठेवलं होतं, ते तिच्याही नकळत भरून गेलं, आणि त्यात तू नव्हतीस.

सागिन उठला. तो त्या श्वासाचा सगळ्यांत जास्त राग करायचा. लहानपणी कान झाकायचा. तो आपासमोर गुडघ्यांवर बसला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं घर हादरेल असा ओरडला:

"आपा! आठ बाहेर गेलाय! आठ बाहेर गेलाय, आपा!"

आपानं त्याच्याकडे बघितलं. मग सातव्या वाटीपुढची वाटी उचलून बाजूला सरकवली. जागा केली. आणि म्हणाली, "मग दार का लावून घेतलंस, गाढवा?"

मोठी बहीण आधी हसली आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

सागिन परसात गेला. मी मागोमाग गेलो. बर्फात उभा होता, बिनटोपीचा. माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "लिहा तिला. लिहा, तिचा तो नऊ म्हणतोय, ये म्हणून. आणि लवकर ये म्हणावं. आपाला फार दिवस जागा धरून ठेवता यायची नाही."

नुसत्या शब्दावर बोलवायचं नाही, असंही म्हणाला. रीत म्हणजे रीत. आपल्याकडे चूक झाली तरी नऊ, मान द्यायचा तरी नऊ. त्यानं अताचा पट माळ्यावरून काढला. धूळ होती. अताच्या शेवटच्या डावानंतर तो कुणी उघडला नव्हता, आपानं फडक्यात बांधून ठेवला होता. गाठ सोडली तर दाणे सगळीकडे सांडलेले, पण सागिननं आठव्या खळग्यापाशी पडलेले नऊ वेचले. तेच आठातले होते का, कुणास ठाऊक. आपण आहेत म्हणू. ते या पत्रासोबत पाठवतोय. रुमालात बांधलेत, रुमाल सागिनच्या बायकोचा आहे, धुवून परत आण.

केनेश आके


सारीबुलाक, १६ फेब्रुवारी

बुरुल,

तुझं पत्र! पूर्ण दोन ओळी! "नवरोझला येते. आपाला आधी सांगू नका, विसरली तर तिलाच वाईट वाटेल." सागिननं ते इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. आता तो दार रंगवतोय. फेब्रुवारीत, उणे वीसमध्ये! रंग वाळत नाही, त्यावर शेजारी हसतात. "सागिन, मंत्री येणारे का?" "मंत्र्याच्या वरचं," म्हणतो.

इकडची बातमी म्हणजे, त्यानं मला नारीनला नेऊन आणलं. डोळे दाखवायला, असं आपण म्हणू. तिथला डॉक्टर माझाच विद्यार्थी निघाला. "आगाय, तुम्ही मला ती पाण्याची कविता पाठ करायला लावली होती." आणि त्यानं म्हणून दाखवली, पाणी खाली वाहे तरी, सगळीच्या सगळी, एक मात्रा न चुकता. म्हणताना माझ्या छातीच्या फोटोकडे बघत होता. संपल्यावरही तिकडेच बघत होता. मग म्हणाला, "उन्हात बसत जा, आगाय." बाहेर सागिननं विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, कविता छान म्हणाला. सागिन रस्ताभर माझ्याशी बोलला नाही. गाडी मात्र अशी चालवली, जशी अंडी भरली आहेत.

तर मी उन्हात बसतो. खिडकीत, पाटी घेऊन. तुझ्या संख्येचा मला नाद लागलाय. एरवी म्हातारपणी माणसं जपमाळ ओढतात, मी गुणाकार ओढतो. दोननं गुणलं: २४६९१३५८. सगळे आकडे पुन्हा नव्या क्रमानं हजर, फक्त सात नाही. चारनं: ४९३८२७१६. पाच नाही. पाचनं: ६१७२८३९५. चार नाही. सातनं: ८६४१९७५३. दोन नाही. (तीन आणि सहा आपल्याच तालात चालतात, त्यांना सोडलं.) बघ ना कसं आहे हे घर. कुणीही येऊन गुणा, सगळ्यांच्या जागा बदलतात, आणि कुणीतरी एक बाहेर जातोच. गेलेला परत येतो तेव्हा दुसरा उठलेला असतो. आणि कोण उठणार, तेही ठरलेलं: गुणणारा आणि उठणारा, मिळून नऊ.

आठानं गुणायचं मी अजून ठेवून दिलंय. तू येशील तेव्हा करू, असं आधी म्हटलं. पण उत्तर न करताही दिसतंच आहे, म्हणून ठेवून दिलंय, हे खरं.

खोकल्याचं विचारू नकोस. तू विचारलंही नाहीयेस, बरं केलंस.

केनेश आके


सारीबुलाक, ९ मार्च

बुरुल, माझी बाय,

हे पत्र टपालात टाकत नाही. सागिनकडे देतोय. घाटाच्या पायथ्याशी तो तुला घ्यायला येईल, तेव्हा गाडीत बसल्यावर देईल. तू वाचेपर्यंत त्याला बोलायला लावू नकोस, तो गाडी नीट चालवणार नाही.

आज उन्हं चांगली होती. पाटी घेतली आणि आठानं गुणलं. एकेक हातचा सावकाश घेतला, नऊ आठे बहात्तरपासून. उत्तर असं आलं:

९८७६५४३२

मी किती वेळ बघत राहिलो. दोननं, चारनं, पाचनं गुणलं तेव्हा सगळे विस्कटले होते, जो तो भलत्याच जागी. आठ स्वतः भेटायला आला, तर कसे ओळीनं उभे राहिले बघ! धाकटा पुढे, मग थोरले मागे मागे. जन्मभर मी कविता शिकवल्या, एवढी बिनचूक ओळ मला लिहिता आली नसती. कुठं अडखळत नाही, यती नाही. शेवटी थोडी लवकर थांबते, इतकंच.

तू दारात उतरशील तेव्हा अशीच ओळ असेल. मी सगळ्यांना तसं सांगून ठेवलंय. लहानपणी पाहुणे आले की अता मला पुढे उभा करायचा आणि बाकी माझ्यामागे; या वेळी उलट. सगळ्यांत पुढे सागिन. दार त्याचं, बोलावणं त्याचं. त्याच्या शेजारी तू उभी राहायचंस, पाहुण्यासारखं समोर नाही. मग तुझ्यामागे चौघी, मग दोघे भाऊ. ओळीच्या शेवटाकडे बघत राहू नकोस. सगळ्यांच्या पाया पडून झालं की तडक आत जा, आपा आत आहे.

तिला काय आठवेल ते सांगता येत नाही. काही दिवस श्वास घेते, काही दिवस घेत नाही. घेतला नाही तर रडायचं नाही. तिच्या हातातून वाटी घे आणि तूच मांड, सातवीच्या पुढे. त्या जागेला इतकी वर्षं कुणी हात लावलेला नाही. अतानंही नाही.

आणि एक गंमत. मी सागिनच्या बायकोला म्हटलं, नववी वाटी आणू नकोस. तिला कळलं नाही, म्हणाली, "आगाय, पाहुणी वाढली की वाटी नको?" मी म्हटलं, मोजून बघ, आठच लागतील. ती मोजायला लागली. बोटावर मोजता मोजता थांबली आणि बाहीआड तोंड करून चुलीकडे गेली. हुशार पोरगी आहे. तिच्याशी गोडीनं राहा, तिचा रुमाल दे.

दुःख करत बसू नकोस. तू आलीस म्हणून मी उठलो, असं मनातही आणू नकोस. मी आधीच उठत होतो, तू वेळेत जागा धरलीस. एवढंच की, गिरणीपाशी तो पॉपलर अजून आहे, आणि तो तुला मीच दाखवायचा होता. आता पाणी दाखवेल. पाणी बोलतं, बुरुल. तू लहानपणी मानलं नाहीस, आता ऐकून बघ.

शेवटचं काम सांगतो, ते तुलाच जमेल, बाकीचे रडतील. एखाद्या सकाळी आपा वाट्या पुढ्यात घेईल, हात वर धरून क्षणभर थांबेल आणि एकदम दोनपासून मोजायला लागेल. तर तिला दुरुस्त करू नका. तिला हसूही नका. कुणी परका समोर असला आणि म्हणाला की मोजणी एकापासून सुरू होते, तर तू सांग, एक बाहेर गेलाय.

एवढंच सांग. येईल, असं म्हणू नकोस.

तुझा
आके